तेजाबातलं जामन

रेघ वर चढायला लागली की पट्टी मरायला लागली, असं निवेदितानं रहिमुन्निसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. यंत्राच्या पडद्यावरची ती हिरवी रेघ आडवी, सपाट पडून राहिली पाहिजे. तिनं जरा मान वर केली की समजायचं, भांड्यातली पट्टी संपत आली.

"म्हणजे मुडद्यावानी निजून राह्यली तर जिती, आन् उठून बसली तर मेली," रहिमुन्निसा म्हणाली.

"बरोबर, खाला."

"या अल्ला. काय काय शिकून राह्यल्या तुमी पोरी."

जालन्यातल्या एका कॉलेजात रहिमुन्निसा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. पोरी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, उंची बेताची, चालणं भराभर. कॉलेजात तिला घेतलं ते एकाच गोष्टीसाठी : ॲसिडाला ती भीत नव्हती. दुसऱ्या बाया बाटली हातात घेताना अंग चोरायच्या. ही दुधाची पिशवी धरावी तशी धरायची.

निवेदिताचा प्रयोग दिसायला साधा होता. तळमजल्यावरची शेवटची खोली, टेबलावर तांब्याएवढं काचेचं भांडं. त्यात पातळ ॲसिड आणि मधोमध पडदा. पडद्याच्या अल्याड कोळशाची कांडी, पल्याड वीज वाहील अशा काचेची बोटाएवढी पट्टी, आणि पट्टीवर कोबाल्टचा काळा थर. वीज सोडली की पाणी फुटायचं. कांडीवरून हायड्रोजनचे बुडबुडे निघायचे, पट्टीवरून ऑक्सिजनचे. ॲसिडात राहून हे काम करतील असे धातू दोन-तीनच, तेही सोन्याहून महागडे. निवेदिताला तेच काम साध्या कोबाल्टकडून करून घ्यायचं होतं. कोबाल्ट कामाला वाघ, पण ॲसिड त्याला खातं. तीन-चार दिवसांत काळा थर विरघळतो, पाण्यावर फिकट गुलाबी झाक येते, आणि मागं कोरी काच उरते.

दोन वर्षांत निवेदितानं एकेचाळीस पट्ट्या केल्या. शंभर तासांच्या पुढं एकही गेली नाही. तिचे मार्गदर्शक भालचंद्र सर. त्यांची अट एकच, हजार तास, सलग. जूनअखेर तिची पीएच.डी.ची मुदत संपत होती. म्हणून एक मेला सकाळी बेचाळिसावी पट्टी भांड्यात सोडताना निवेदिता म्हणाली, "खाला, ही शेवटची. ही गेली की माझी दोन वर्षं गेली."

खोलीच्या दारावर सरांनी हातानं लिहून कागद चिकटवलेला : बाहेरचं काहीही आत आणू नये. काहीही म्हणजे काहीही. पेनसुद्धा आतलंच. वॉचमन रामकिसननं एकदा पट्टीला आयुष्य लाभावं म्हणून उदबत्ती लावून आणली, तर सरांनी त्याला जळत्या उदबत्तीसकट परत पाठवलं. "रामकिसन, बोटावरच्या घामानंसुद्धा प्रयोग खोटा होतो," ते म्हणाले. रामकिसन त्या दिवसापासून त्या खोलीसमोरून जाताना हात खिशात घालायचा.

रहिमुन्निसा मूळची भोकरदनची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती कदीम जालन्यात आली, बॅटरीवाल्या महेमूदच्या घरी. नवऱ्याचं नाव ती कधी तोंडानं घ्यायची नाही. पोरगी झाल्यावर 'साजियाचे अब्बा' म्हणायला लागली, पण आपल्या आपल्याशी बोलताना नुसतं 'उनो', म्हणजे 'ते'.

दुकान पुढं, घर मागं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यायच्या. त्या उघडायच्या, झिजलेल्या प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून नवे सांधे ओतायचे. वितळलेल्या शिशावर दुधासारखी साय धरते. ती पळीनं बाजूला करायचं काम रहिमुन्निसाचं. शिसं उतरवलं की त्याच चुलीवर भाकर. तिच्या ओढण्यांना ॲसिडच्या शिंतोड्यांनी चाळणीवानी भोकं पडलेली असायची, आणि मोहल्ल्यात तिला कुणी नवी ओढणी दिलीच तर आधी विचारायचे, "भाभी, ही किती दिवस जगंल?"

त्या घराचे नियम दोन. पहिला सगळ्याच बॅटरीवाल्यांचा : प्लेट कधी उघडी पडू द्यायची नाही. पाणी खाली गेलं, प्लेटेला हवा लागली, की ती मेली. दुसरा नियम एकट्या महेमूदचा होता. नवीन तेजाब, म्हणजे ॲसिड, भरलेली कुठलीही बॅटरी तो तशी दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. आधी तिच्या प्रत्येक खान्यात जुन्या तेजाबाचा एकेक चमचा जायचा. त्यासाठी एक काचेची बरणी होती. चांगली चाललेली बॅटरी दुरुस्तीला आली की तिच्यातलं थोडं तेजाब काढून त्या बरणीत. तीस वर्षं ती बरणी कधी रिकामी झाली नाही.

"नवं तेजाब आंधळं असतं," महेमूद म्हणायचा. "जामन के बगैर दही जमता क्या? विरजण लागतंच."

दुसरे बॅटरीवाले हसायचे. "महेमूदभाई, मंग कढी कवा करून राह्यले? आमाला बी बोलवा."

त्याला फरक पडायचा नाही. त्याच्या बॅटऱ्या चालायच्या.

मग महेमूदच्या पोटात कळा यायला लागल्या. पुढं हिरड्यांवर निळसर काळी रेघ उमटली. मग हात मनगटातून खाली लोंबायला लागले. चहाचा गिलास उचलायचा तर ती धरायची आणि तो तोंड पुढं न्यायचा. संभाजीनगरच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, शिसं. अंगात इतकं शिसं की आता काढता येणार नाही. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. दुकान आवरलं तेव्हा प्लेटा गेल्या, डबे गेले, चुलीवरची कढई गेली. बरणी तेवढी रहिमुन्निसानं मोरीवरच्या माळ्यावर ठेवून दिली. साजिया अंबडहून आली की म्हणायची, "अम्मी, वो तेजाब फेक दो." रहिमुन्निसा म्हणायची, "कहाँ फेकूँ? नाली खा जाएगा."

पट्टीच्या चौथ्या दिवशी निवेदिता दोन दिवसांसाठी विद्यापीठात गेली होती. शहरात नळाला पाणी येऊन अकरा दिवस झालेले. कॉलेजची टाकी कोरडी पडलेली, म्हणून शुद्ध पाणी करायचं यंत्र बंद. भांड्यातलं पाणी मात्र वीज तासातासाला फोडत होती, आणि उरलेलं मे महिन्याची हवा पीत होती. सुट्ट्या लागलेल्या. सगळ्या कॉलेजात रामकिसन, रहिमुन्निसा आणि ते भांडं.

दुपारी एकला ती खोलीत आली तर रेघेनं मान वर केलेली. शहात्तर तास. पाण्यावर गुलाबी झाक आलेली. आणि पाणी खुणेच्या खाली गेल्यामुळं पट्टीचं टोक उघडं पडलेलं, वाळून पांढरं झालेलं.

तिनं निवेदिताला फोन लावला, बंद. सरांना लावला, लागेना. बोअरचं पाणी होतं, पण त्यातल्या क्षारांनी किती बॅटऱ्या मरतात हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी मात्र दुकानातला एक डबा शिल्लक होता, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा, सील न फोडलेला. तिनं रिक्षा केली. रणरणत्या उन्हात घरी गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

डब्यातलं पाणी तिनं खुणेपर्यंत भरलं. पट्टी बुडाली. इथवर सगळं बराबर होतं.

पण आपल्या दुसऱ्या हातात चमचा आहे हे तिला तेव्हा दिसलं. पिशवीतून डब्याबरोबर बरणीही आलेली. ती कधी घेतली, माळ्यावर कधी हात घातला, तिला काही म्हणता काही आठवेना. तीस वर्षं डबा काढला की बरणी काढायची, पाणी भरलं की चमचा सोडायचा; हाताला तिला विचारायची गरज नव्हती. चमचा तिरपा झालेला होता. करड्या धुरासारखं काहीतरी पाण्यात उतरलं, सरळ खाली न जाता पट्टीकडं वळलं आणि तिथं दिसेनासं झालं.

बाहेर पडताना दारावरचा कागद तिनं वाचला नाही. तो तिला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा तासभर आधी आली. रेघ सपाट निजलेली. पाण्यातला गुलाबी रंग कुणीतरी पिऊन टाकल्यावानी नाहीसा झालेला. आणि काल जे टोक पांढरं पडलेलं, त्यावर काळी कातडी धरलेली.

रहिमुन्निसानं जन्मभर प्लेटा बघितल्या. प्लेट झिजते, तिचा गाळ तळाला बसतो, आणि गाळ परत प्लेटेवर चढत नाही. झिजलेली प्लेट भरून येत नाही. हे तिला जेवढं माहीत होतं तेवढं सरांनाही माहीत नसेल.

खोलीत फक्त बुडबुड्यांचा आवाज. सकाळचं लख्ख ऊन, टेबलावर धूळसुद्धा दिसावी इतकं. तिच्या घशाला एक बारीक चरका लागला, दुकानात एका वेळी दहा बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की लागायचा तसा. तो चरका दोन वर्षांत तिला लागला नव्हता.

"उनो?" ती म्हणाली.

आपण मोठ्यानं बोललो हे कळल्यावर तिनं मागं वळून दार बघितलं. दारात कुणी नव्हतं.

निवेदिता परत आली तेव्हा पट्टीनं शंभर तास ओलांडले होते. तिनं पेढे आणले आणि नियमाप्रमाणं दाराबाहेर उभं राहून खाल्ले. रामकिसनला दोन दिले. "उदबत्तीचा गुण," तो म्हणाला. रहिमुन्निसानं आपला पेढा ओढणीच्या टोकात बांधून ठेवला. तेव्हाच सांगायचं होतं. पण निवेदिता हसत होती, आणि दोन वर्षांत तिला कुणी असं हसताना पाहिलेलं नव्हतं.

दोनशे दहाव्या तासाला रेघेनं परत मान वर केली. त्या दिवशी रहिमुन्निसा औषधाच्या छोट्या बाटलीत जामन घेऊन आली. हात आपोआप गेला असं आता म्हणता येत नव्हतं. एक चमचा. दुपारपर्यंत रेघ निजली. पुढं तीनशे नव्वदला एकदा आणि सातशेच्या आसपास एकदा. चार वेळा सगळे मिळून.

दुपारचं जेवून ती त्या खोलीत जाऊन बसायला लागली. काही करायची नाही. बसायची. साजियाला दिवस गेलेत, अंबडला उन्हाळा लई आहे, असलं काहीबाही बोलायची. बुडबुडे फुसफुसत राहायचे.

एकदा रामकिसन गेटवर तिला म्हणाला, "भाभी, त्या खोलीत कोण असतं वो?"

"कोण असणार? बुडबुडे."

"मी खिडकीपासून गेल्तो मघाशी. आतून कुणीतरी खोकलं."

"मीच खोकले असंल. तेजाब घशाला लागतंय."

रामकिसननं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "मघाशी तुमी इथं गेटापाशी बसल्या व्हत्या, भाभी. बुडबुडे खोकत न्हाईत."

"तू तंबाखू कमी कर," ती म्हणाली. महेमूद शेवटी शेवटी तसाच खोकायचा, एकदाच, आणि मग बराच वेळ काही नाही.

सहाशे पंचविसाव्या तासाला निवेदिताच्या हातून चूक झाली. तार नीट बसवताना चिमटा सटकला आणि पट्टीवर आरपार ओरखडा पडला. काळ्या थरात वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ. निवेदिता खाली फरशीवरच बसली.

"गेलं, खाला. माझ्या हातानं गेलं."

"गप. बघ आधी."

दोघी स्टुलं ओढून भांड्यासमोर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराच्या सुमाराला निवेदितानं चष्मा पुसून परत लावला. ओरखड्याचं खालचं टोक दिसत नव्हतं. ते काळं झालं होतं. मग त्याच्या वरचं. जखम जशी कडांकडून मिटत येते तसा तो थर दोन्ही बाजूंनी पुढं सरकत होता, भर दुपारी, दोघींच्या डोळ्यांसमोर. चार वाजेपर्यंत पट्टी अखंड झाली होती.

"हे असं होत न्हाई," निवेदिता कुजबुजली. "खाला, धातूला कातडी न्हाई येत."

रहिमुन्निसाच्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

भालचंद्र सरांनी निवेदितानं काढलेले फोटो एकेक करून बघितले. सरांचं घराणं चार पिढ्या जालन्यात. बोलणं मोजकं, माणूस सरळ. "अशीच दुसरी कर," ते म्हणाले.

निवेदितानं तीन केल्या. तोच कोबाल्ट, तीच ॲसिडची बाटली, त्याच खोलीत शेजारी शेजारी तीन भांडी. पहिली सहासष्ट तासांत मेली. दुसरी एक्क्याऐंशी. तिसरी सत्तर. मधे ही बेचाळिसावी तशीच काळीभोर, फुसफुसत, आणि दोन्ही बाजूंना गुलाबी पाण्यात कोऱ्या काचा. निवेदितानं परत तीन लावल्या. त्याही मरायला लागल्या.

"तुझी ही एकच जगत असेल आणि दुसरी कुणाचीच जगत नसेल," सर म्हणाले, "तर ही जगली असं आपल्याला लिहिता येणार न्हाई. हजार होऊ देत नाहीतर दहा हजार."

त्यानंतर निवेदिताचं काही बराबर राहिलं नाही. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. डोळे आत गेले. वही उघडून त्या एक मेच्या सकाळचं पान पुन्हा पुन्हा वाचायची. "त्या दिवशी मी काय खाल्लं होतं, खाला? पट्टी कुठल्या हातानं बुडवली होती? तुम्ही होता ना इथं?" आणि एकदा, भांड्याच्या काचेला जवळजवळ नाक लावून, पट्टीलाच : "तुझ्यात काय आहे गं?"

रहिमुन्निसाला माहीत होतं तिच्यात काय आहे. माहीत होतं असं तिला वाटायचं. दर रोज ठरवून यायची, आज सांगते. आणि दर रोज मनात यायचं, सांगितलं की ते पाणी ओतून देतील, भांडं धुतील, आणि ही फुसफूस बंद होईल. मग दुपारी कुणापाशी बसायचं? नऊ जून उजाडला. हजाराला अडीच दिवस उरले होते.

त्या दिवशी दुपारी ती पाण्याचा डबा घेऊन आत आली आणि दारातच थबकली. निवेदितानं हातमोजे काढून टाकले होते. जिवंत भांड्यातलं पाणी ड्रॉपरनं काढून ती मरणाऱ्या तीन भांड्यांत थेंब थेंब सोडत होती. बोटं ओली. नखांच्या कडेला करडी रेघ. आणि त्या तीन भांड्यांना जोडलेल्या यंत्रांच्या पडद्यांवर, उठून बसलेल्या रेघा हळूहळू आडव्या होत होत्या.

"बघा खाला," ती वळून न बघता म्हणाली. "हिच्यातलं पाणी पाजलं की ह्या जगतात. पट्टीत न्हाईच काही. पाण्यात आहे."

मग तिनं टेबलावरचा जेवणाचा डबा ओढला. आत, त्या खोलीत, ड्रॉपरच्या शेजारी. झाकण काढलं आणि त्याच बोटांनी पोळीचा तुकडा मोडला. "दोन दिवस पोटात नुसती कळ येतेय," ती म्हणाली, "आज खाऊन बघते."

पोटात कळ. नखाला करडी कड. रहिमुन्निसाला ते निवेदिताच्या नाही, महेमूदच्या आवाजात ऐकू आलं. ती धावली ती कशी धावली तिला कळलं नाही. डब्यावर हात मारला, पोळी, भाजी, सगळं फरशीवर.

"थुंक! आधी थुंक, बेटा. हात धू. साबण लाव, नखातून लाव, चल!"

"खाला, काय झालं—"

"शिसं हाय त्याच्यात! माझ्या माणसाला ज्यानं खाल्लं ते शिसं हाय. मी टाकलं."

दाराबाहेरच्या नळाला त्या दिवशी पाणी होतं. तिनं निवेदिताचे हात मनगटापर्यंत धरून इतके घासले की कातडी लाल झाली. घासता घासताच सगळं सांगितलं. कोरडी टाकी, डबा, बरणी, चमचा. चार चमचे. कधी कधी, तेही तारखांसकट. तिला पाठ होत्या.

निवेदिता ऐकत होती. मग तिनं हात सोडवून घेतले.

"नऊशे बेचाळीस तास," ती म्हणाली. "नऊशे बेचाळीस, खाला! मी वेडी व्हायची राहिले होते. एकदा सांगता आलं न्हाई?"

"पह्यल्या दिवशी सांगणार व्हते. दुसऱ्या दिवशी बघते तर पट्टी जिती झाली. मंग कसं सांगू?"

"कामून न्हाई?"

रहिमुन्निसा नळाकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, उनो हायेत आत."

निवेदिता हसली नाही. रागावलीही नाही मग. ती त्या भांड्याकडं बघायला लागली, आणि दोघी तशाच, ओल्या हातांनी, दारात उभ्या राहिल्या. आत जायला दोघींपैकी कुणीच पाऊल टाकेना.

सर तासाभरात आले. रहिमुन्निसानं परत सगळं सांगितलं, उभं राहून. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "निवेदिता, तासांचा आकडा खोड. हे तास आपले न्हाईत." आणि थोड्या वेळानं, "पण ह्यांचं काय म्हणणं आहे ते सगळं वहीत लिहून घे. एकही चमचा सोडू नको."

निवेदितानं रेघ मारली. पेन कागदात रुतलं. वीज तिनंच बंद केली. फुसफूस थांबली तशी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. रहिमुन्निसानं कान देऊन पाहिलं. कुणी खोकलं नाही.

बरणी आणि भांड्यातलं पाणी दोन्ही तपासायला गेलं. शिसंच निघालं. सरांनी मग फळ्यावर काढून दाखवलं, आणि रहिमुन्निसालाही आत बोलावलं. थर काही अमर झाला नव्हता. कोबाल्ट पहिल्यासारखाच विरघळत होता, दर घडीला. पण शिसं पाण्यात असलं की ते विजेच्या जोरावर पट्टीवर जाऊन बसतं, ॲसिडला दाद देत नाही, आणि निसटलेल्या कोबाल्टला परत ओढून आपल्यात बसवतं. पट्टी रोज मरत होती आणि रोज जन्माला येत होती. पाणी जिवंत होतं म्हणून पट्टी जिवंत.

"म्हणजे जामन खरं व्हतं," रहिमुन्निसा म्हणाली.

"बॅटरीत होतं का ते मला माहीत न्हाई," सर म्हणाले. "इथं होतं."

त्यांनी विद्यापीठाला लांबलचक पत्र लिहिलं आणि निवेदिताला सहा महिने वाढवून मिळाले. नवी पट्टी लागली, बंद भांड्यात, तराजूवर तोललेला शिशाचा क्षार घालून, दुहेरी हातमोजे घालून. शून्य तासापासून.

पण ते सगळं नंतरचं. नऊ जूनच्याच संध्याकाळी, सर गेल्याबरोबर, रहिमुन्निसानं निवेदिताला रक्त तपासायला नेलं होतं. निवेदिता म्हणत होती, दोन दिवसांत काही होत नसतं. रहिमुन्निसानं ऐकलं नाही. तिथं सुई मारणाऱ्या मुलीनं विचारलं, "दोघींचं घेऊ का?"

"माझं कामून?" रहिमुन्निसा म्हणाली. "दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली."

"घ्या त्यांचंही," निवेदिता म्हणाली. "तीस वर्षं चुलीवर शिसं वितळवलंय."

नमुने पुण्याला जायचे होते. सहा दिवसांनी अहवाल आला तेव्हा रहिमुन्निसा एकटीच तो आणायला गेली. डॉक्टर तरुण होता. त्यानं निवेदिताचा कागद आधी वाचला आणि बाजूला ठेवला. काही नाही म्हणाला, पोट उपाशी राहून दुखत असेल. दुसरा कागद त्यानं दोनदा वाचला.

"काकू, तुम्ही आता शिशाचं काही काम करत न्हाई ना?"

"न्हाई. दोन वर्षं झाली."

"मग हे जुनंच आहे." तो कागदावरचा आकडा बोटानं दाखवत होता. "श्वासातून, जेवणातून जातं, आणि हाडांत जाऊन बसतं. कॅल्शियमच्या जागी. तिथून थोडं थोडं रक्तात उतरतं, परत हाडात जातं. वीस वर्षं, तीस वर्षं. वय वाढलं की जास्त उतरतं. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. आणि हात कधी ढिले वाटले, मनगट पडल्यासारखं झालं, तर लगेच."

"म्हणजे माझ्या अंगात जे हाय," तिनं विचारलं, "ते तेव्हाचंच? त्या चुलीवरचं?"

"तेच. दुसरं कुठून येणार?"

ती बाहेर आली. उन्हात रिक्षा उभ्या होत्या, पण ती पायीच निघाली. चालताना डावा हात तिनं उजव्या मनगटावर ठेवला आणि दाबून पाहिलं. वरती कातडी, त्याखाली हाड, आणि हाडात तीस वर्षांपूर्वीची एक दुपार बसलेली. दोन वर्षं ती महेमूदला मोरीवरच्या माळ्यावर ठेवून आली होती. महिनाभर भांड्यासमोर बसून त्याच्याशी बोलली. आणि तो सगळा वेळ तिच्या मुठीत होता, तिच्या गुडघ्यात, पाठीच्या मणक्यात, चालताना तिच्याबरोबर चालत.

कॉलेजच्या पायरीवर निवेदिता वाटच बघत होती.

"काय आलं?"

"तू साफ हायस. येळेवर जेवत जा फक्त."

"आणि तुमचं?"

एकदा लपवून काय झालं ते रहिमुन्निसानं बघितलं होतं. तिनं घडी घातलेला कागद काढून निवेदिताच्या हातात दिला. निवेदितानं आकडा वाचला, आणि चटकन वर बघितलं. तिला आकडे वाचता यायचे.

"खाला, दुखतंय का कुठं?"

रहिमुन्निसानं खांदे हलवून बघितले, बोटं उघडली, मिटली. पायऱ्यांवर ऊन होतं आणि आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी ती हळूच बोलली, आत कुणी निजलेलं असावं तशी.

"न्हाई," ती म्हणाली. "गप बसून हायेत."